हेपरिनविना पंप

पावसाळ्यात आमच्या खरवईत प्लेटलेट हा शब्द घराघरांत ऐकू येतो. एमआयडीसीत कामाला जाणारा कुणी तापाने पडला, की दुसऱ्या दिवशी त्याचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरतो. लाखाच्या खाली गेल्या का, पपईच्या पानांचा रस द्या, किवी आणा, रक्तपेढीत सांगून ठेवा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात डेंग्यूने लोकांना एवढं शिकवलं आहे, की प्लेटलेट घसरल्या म्हणजे आता रक्त वाहणार, ही भीती मनात पक्की बसली आहे. मला याच घसरणीचं दुसरं रूप माहीत आहे. त्यात प्लेटलेट झपाट्याने कमी होतात आणि तरीही रक्त वाहण्याऐवजी शिरांमध्ये गोठतं. ते ओळखलं नाही तर पाय जातो, कधी जीव जातो. आमच्या शेजारच्या काकूंच्या बाबतीत ते वेळेवर ओळखलं गेलं. त्यानंतर त्यांच्या शस्त्रक्रियेत जे करावं लागलं, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

मी परफ्युजनिस्ट आहे. राहायला खरवईला, काम मुंबईतल्या एका रुग्णालयात. हृदय उघडून शस्त्रक्रिया करायची तर ते काही वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवणारं यंत्र मी चालवते. ओटीत त्याला सगळे नुसतं पंप म्हणतात. शरीरातून आलेलं काळपट रक्त नळीवाटे रिझर्वॉयरमध्ये उतरतं, ऑक्सिजनेटरमधून जाताना लालभडक होतं आणि महाधमनीत परत जातं. पण रक्ताला प्लास्टिक लागलं की ते गोठायला लागतं. म्हणून पंपावर घेण्याआधी भूलतज्ज्ञ हेपरिन देतात, वजनाच्या दर किलोला ३०० ते ४०० युनिट. मग एसीटी बघायचा, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एरवी सव्वाशेच्या आसपास असलेला हा आकडा ४८० च्या वर गेला, की मी पंप सुरू करायला तयार असते. काम संपलं की प्रोटामिन द्यायचं. काही मिनिटांत हेपरिनचा असर उतरतो आणि रक्त पुन्हा नेहमीसारखं गोठू लागतं.

द्यायचं आणि उतरवायचं, या दोन गोष्टींवर आमचं सगळं शास्त्र उभं आहे. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून हेपरिनचा शोध सुरू झाला. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तीही हेपरिनच्याच आधाराने. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं, तोवर हे औषध जगभरच्या ओटींत मुरलेलं होतं. आजही ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं, स्वस्त आहे आणि बहुतेकांना सोसतं. म्हणूनच ज्याला ते सोसत नाही, त्याच्यासाठी ओटीतली प्रत्येक सवय बदलावी लागते.

काकूंना लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. तो संधिवाताचा ताप होता आणि त्याने हृदयाची मायट्रल झडप आवळली गेली आहे, हे पन्नाशीजवळ कळलं. स्टेशनचा जिना चढताना दम लागायचा, तो वयाचा आहे असं समजून त्या थांबत थांबत चढायच्या. एका ऑगस्टमध्ये रात्री झोपताच येईना, तेव्हा मुलाने त्यांना जवळच्या रुग्णालयात दाखल केलं. नाडी अनियमित होती, झडप अगदी चिंचोळी झाली होती आणि डाव्या कर्णिकेत रक्ताची गुठळी दिसत होती. गुठळी वाढू नये म्हणून हेपरिन सुरू झालं. उपचार बरोबरच होता.

आठवडा होत आला तेव्हा मुलाचा मला फोन आला. "ताई, आईच्या प्लेटलेट उतरल्यात. डेंग्यू असेल म्हणतायत. कुठे मिळतील?" त्याने फाइलचे फोटो पाठवले. दाखल होताना २ लाख ३० हजार, आता ८२ हजार. ताप नव्हता. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह होती. आणि त्याच सकाळी डावा पाय पोटरीपासून सुजला होता. मी त्याला विचारलं, "हेपरिन कुठल्या दिवशी सुरू झालं?" तो म्हणाला, "आत्ता डॉक्टरांनीही हेच विचारलं."

त्या फिजिशियनबाईंचं मला आजही कौतुक वाटतं. भर पावसाळ्यात, तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरलेला असताना त्या तारखांपाशी थांबल्या. हेपरिनमुळे होणारी ही घसरण ओळखायला चार गोष्टी बघतात. प्लेटलेट निम्म्याहून जास्त उतरल्या का, ही उतरण हेपरिन सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत झाली का, नवी गुठळी झाली का, आणि दुसरं काही कारण दिसतं का. काकूंच्या बाबतीत चारही उत्तरं एकाच दिशेला जात होती. त्यांनी हेपरिन तात्काळ थांबवलं, अँटिबॉडीची तपासणी पाठवली आणि अर्गाट्रोबॅन सुरू केलं. ते रक्त पातळ ठेवतं, पण त्याचा हेपरिनशी काही संबंध नाही. प्लेटलेट चढवायला त्यांनी नकार दिला. घरच्यांना ते पटेना. मुलाला मी फोनवर समजावून सांगितलं.

प्लेटलेटमधून बाहेर पडणारं एक प्रथिन हेपरिनला चिकटतं. काही जणांचं शरीर या जोडीला परकं समजून तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्या अँटिबॉडी प्लेटलेटवर बसतात आणि त्यांना चेतवतात. चेतलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि त्यातच खर्ची पडतात. रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसतो तो यामुळे. अशा वेळी बाहेरून प्लेटलेट देणं म्हणजे पेटलेल्या जागी आणखी सरपण घालणं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे पायाची सूज आणि हा आकडा, दोन्ही एकाच कारणाने?" हे त्याला कळलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तपासणी पॉझिटिव्ह आली. पायाची सूज हळूहळू उतरली, प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्या. पण झडप होती तिथेच होती. फुग्याने झडप उघडण्याचा सोपा मार्ग गुठळीमुळे बंद झालेला. कर्णिकेत गुठळी असताना तिथे नळी घातली, तर तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. म्हणजे छाती उघडायची, पंपावर घ्यायचं, गुठळी काढायची आणि झडप बदलायची. मुलाने आमच्या रुग्णालयाचं नाव सुचवलं, आणि काकूंची फाइल माझ्या टेबलावर आली.

या आजारातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की या अँटिबॉडी कायम राहत नाहीत. साधारण तीन महिन्यांत बहुतेकांच्या रक्तातून त्या नाहीशा होतात. त्या गेल्याची खात्री करून फक्त शस्त्रक्रियेपुरतं हेपरिन वापरता येतं, कारण शरीराला त्या नव्याने बनवायला पाच दिवस तरी लागतात आणि तोवर हेपरिन केव्हाच शरीराबाहेर गेलेलं असतं. म्हणून थांबता येत असेल तर थांबा, हाच पहिला सल्ला. आम्हीही थांबलो. पण काकूंचं फुप्फुस थांबायला तयार नव्हतं. पाणी काढण्याच्या गोळ्या वाढवूनही त्यांना उशा रचून बसूनच रात्र काढावी लागत होती. दोन महिने पुरे व्हायच्या आत त्या पुन्हा दाखल झाल्या. प्लेटलेट ठीक होत्या, अँटिबॉडी मात्र अजून पॉझिटिव्ह.

शस्त्रक्रियेआधीच्या बैठकीत तीन वाटांवर चर्चा झाली. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही याच वाटा आहेत. एक, प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करायच्या आणि मग हेपरिन द्यायचं. दुसरी, हेपरिन द्यायचं, पण प्लेटलेटना काही तास निपचित ठेवणारं औषध सोबत चालू ठेवायचं. तिसरी, हेपरिनला हातच लावायचा नाही, बायव्हॅलिरुडिन वापरायचं. काकूंची मूत्रपिंडं चांगली होती, हाडापेराने त्या बारीक होत्या आणि शस्त्रक्रिया एकाच झडपेची होती. सर्जन म्हणाले, "तुझा पंप सांभाळेल का?" मी म्हटलं, "सांभाळेल सर, पण ओटीतल्या सगळ्यांना आधी एकत्र बसवावं लागेल."

बायव्हॅलिरुडिनचं मूळ जळवेत आहे. जळू चावली की जखम बराच वेळ झिरपत राहते, हे भातात काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. जळवा लावून रक्त काढण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ आहे हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं, आणि त्या पदार्थाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत हे वीस अमिनो आम्लांचं छोटं औषध बनलं. गुठळी बांधणाऱ्या थ्रॉम्बिन या विकराला ते थेट धरून ठेवतं. अडचण दोन ठिकाणी आहे. याला प्रोटामिनसारखा उतारा नाही. आणि जे थ्रॉम्बिन ते धरून ठेवतं, तेच त्याचे हळूहळू तुकडेही करतं. शरीरात औषध दर २५ मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून ठिबक चालू ठेवून त्याची भर घालावी लागते. जिथे रक्त थांबून राहतं तिथे नवं औषध पोचत नाही, जुनं संपून जातं, आणि तिथे रक्त गोठतं. रक्त कुठेही साचू द्यायचं नाही, हा त्या दिवसाचा एकमेव नियम होता.

आदल्या संध्याकाळी मी आणि ओटीच्या सिस्टर मिळून खोलीतून हेपरिन बाहेर काढायला लागलो. २५,००० युनिटच्या कुप्या कपाटातून काढणं सोपं होतं. पण हेपरिन जिथे दिसत नाही तिथेही असतं. धमनीतला दाब मोजणाऱ्या नळीच्या सलाईनच्या पिशवीत असतं. सलाईन बंद केल्यावर हातातली सुई तुंबू नये म्हणून तिच्यात सोडलेलं असतं. काही ऑक्सिजनेटर, काही कॅथेटर यांना आतून हेपरिनचा लेप असतो. प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून लेप नसलेला संच निवडला. दाबाच्या पिशव्यांत साधं सलाईन भरलं. प्रोटामिनही ट्रॉलीवरून काढलं, कारण उद्या त्याचा काही उपयोग नव्हता. सिस्टरांनी लाल पेनने मोठा कागद लिहून दारावर लावला, "हेपरिन नाही. फ्लशमध्येही नाही." दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागातल्या खाटेच्या डोक्याशी तसाच कागद लागला.

काकूंचं वजन ५० किलो. पंपातल्या द्रवात आधीच ५० मिलिग्रॅम औषध मिसळलं. शिरेतून किलोला १ मिलिग्रॅम म्हणजे आणखी ५०, आणि लगेच किलोला ताशी अडीच मिलिग्रॅमच्या वेगाने ठिबक, म्हणजे तासाला १२५. सुरुवातीचा एसीटी १४० होता, तो अडीच पट, ३५० च्या वर हवा. गेला. सर्जननी "ऑन पंप" म्हटलं आणि मी क्लॅम्प सोडला.

एरवी पंपावर रक्त साचण्याच्या जागा पुष्कळ असतात आणि हेपरिन असल्यामुळे त्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. त्या दिवशी मी प्रत्येक आडवळणी नळीतून ठरावीक वेळाने रक्त फिरवत होते. रिझर्वॉयरमधली पातळी नेहमीपेक्षा खाली ठेवली, म्हणजे रक्त तिथे रेंगाळणार नाही. हृदय थांबवण्यासाठी एरवी आम्ही रक्तमिश्रित कार्डिओप्लेजिया देतो. दोन डोसांच्या मध्ये ते नळीत उभं राहतं, म्हणून या वेळी रक्ताविना, नुसत्या क्षारांच्या द्रावणाचा वापर केला. शरीर फार थंड केलं नाही, कारण थंडीत औषधाचं विघटन मंदावतं आणि हिशेब चुकतो. छातीत जमणारं रक्त थेट पंपात ओढून घ्यायचं नाही असं ठरलं होतं. ते सेल-सेव्हरमध्ये जात होतं, तिथे ते सायट्रेटने पातळ ठेवून, धुऊन मग परत द्यायचं.

मध्येच तरुण सहायक डॉक्टर दचकून म्हणाला, "सर, इथे गुठळ्या दिसतायत." हृदयाभोवतीच्या पोकळीत साचलेलं रक्त खरंच जेलीसारखं झालं होतं. हेपरिनवर असताना असं दिसलं तर तो धोक्याचा इशारा असतो, सगळ्यांचे हात थांबतात. सर्जननी माझ्याकडे पाहिलं. एसीटी नुकताच बघितला होता, ठीक होता. ऑक्सिजनेटरच्या आधीचा आणि नंतरचा दाब स्थिर होता. "पंपात काही नाही सर, साचलेलं गोठतंय," मी म्हटलं. आदल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवलं होतं त्याचं चीज त्या क्षणी झालं, कारण असं होणार हे सर्वांनी ऐकलेलं होतं. कर्णिकेतली गुठळी निघाली. ती करडी, जुनी, भिंतीला धरून बसलेली होती. झडप बदलली.

पंपावरून उतरायच्या साधारण पंधरा मिनिटं आधी ठिबक बंद केलं. हृदय धडधडू लागलं, काकू पंपावरून सुटल्या. एरवी इथे माझं काम आटोपत आलेलं असतं. या वेळी मात्र पंपात उरलेलं रक्त उभं ठेवता येत नव्हतं. पुन्हा पंपाची गरज लागली आणि तो गोठलेला असला तर? म्हणून रक्त आणणारी आणि परत नेणारी, अशा दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून ते रक्त पंपातल्या पंपात फिरवत ठेवलं आणि त्यात औषध चालू ठेवलं. सर्जननी आता गरज लागणार नाही म्हटल्यावरच ते सेल-सेव्हरने धुऊन परत दिलं.

मग सुरू झालं ते थांबणं. प्रोटामिन दिल्यावर काही मिनिटांत जखम कोरडी होऊ लागते. इथे मात्र औषध आपणहून संपेपर्यंत कुणालाच काही करता येत नव्हतं. सर्जन गॉज दाबून उभे होते. प्रत्येक टाक्याच्या छिद्रातून रक्त झिरपत होतं. पंचवीस मिनिटांत निम्मं, पुढच्या पंचवीस मिनिटांत पाव, असा हिशेब भूलतज्ज्ञ मोठ्याने सांगत होते. दोन तासांच्या आसपास गॉज पहिल्यांदा जवळजवळ पांढरा निघाला. छातीतल्या नळ्यांतून रात्रभरात नेहमीपेक्षा जास्त रक्त आलं, पण पुन्हा छाती उघडावी लागली नाही.

पुढचे दिवसही जपूनच गेले. नाडी अनियमित असल्यामुळे काकूंना ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी लागणारच होती. पण हा आजार जागा असताना, प्लेटलेट सावरायच्या आत तसली गोळी घाईने सुरू केली, तर सुरुवातीच्या दिवसांत उलट गुठळ्या वाढून कातडी, बोटं काळी पडण्याचा धोका असतो. प्लेटलेट दीड लाखाच्या वर टिकतात याची खात्री होईपर्यंत डॉक्टरांनी ठिबकावरचंच औषध ठेवलं आणि मग दोन्हींची नीट सांधेजोड केली. काकू घरी आल्या. आता त्या स्टेशनचा जिना एका दमात चढतात. त्या गोळीचा असर मोजणारा आयएनआर तपासायला स्वतः जातात, आकडा वहीत लिहितात.

त्यांच्या आधारकार्डाच्या पाकिटात एक कार्ड आहे. मराठीत आणि इंग्रजीत एकच मजकूर, हेपरिनमुळे प्लेटलेट घसरल्याची नोंद, तपासणीची तारीख आणि "हेपरिन देऊ नये, फ्लशमध्येही नाही, आधी तज्ज्ञांना विचारा." त्या कार्डासाठी मी हट्ट धरला होता. जीव वाचवण्यात बायव्हॅलिरुडिनचा वाटा होता, पंपाचा होता, सर्जनचा होता. तरी मला ठामपणे वाटतं की पहिला वाटा तारखेचा होता. हेपरिन कोणत्या दिवशी सुरू झालं, प्लेटलेट कोणत्या दिवशी घसरल्या, हे फाइलमध्ये नीट लिहिलेलं होतं आणि कुणीतरी ते वाचलं. आमच्या भागातला रुग्ण आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो, मग उल्हासनगर किंवा कल्याणला, मग मुंबईला. या प्रवासात डिस्चार्ज कार्ड हरवतं, जुने रिपोर्ट घरी राहतात, आणि पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचतो तो फक्त माणूस.

कुणी हे वाचून हेपरिनला घाबरू नये. हृदयशस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या एक ते तीन जणांना हा त्रास होतो, बाकीच्यांना ते औषध तारतंच. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोनचार दिवसांत प्लेटलेट सगळ्यांच्याच थोड्या उतरतात आणि परत चढतात. चढू लागलेल्या प्लेटलेट पाचव्या दिवसानंतर पुन्हा कोसळल्या, तेव्हा मात्र विचारायलाच हवं. घरच्या कुणाला रुग्णालयात हेपरिन चालू असेल, तर सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा. प्लेटलेटचा प्रत्येक आकडा तारखेसकट जपा. प्लेटलेट चढवायच्या ठरल्या, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढंच विचारा, "हे हेपरिनमुळे तर नसेल ना?" विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. खरवईत यंदाच्या पावसाळ्यातही प्लेटलेटचे रिपोर्ट फिरतील, आणि त्यातला बहुतेक भाग डेंग्यूचाच असेल. पण ज्या एखाद्या घरात तो नसेल, त्या घरातल्या माणसाला हा प्रश्न वेळेवर आठवावा, एवढ्यासाठी मी हे लिहिलं आहे.